विद्युत् गिटारीचा नाद आणि पिकअपची निवड

विद्युत् गिटार प्रथमच जवळून पाहणाऱ्यास ती लाकडाची एक रंगीत फळी आणि तिच्यावर ताणलेल्या सहा तारा, एवढीच दिसते. सतारीचा भोपळा किंवा साध्या गिटारीचे पोकळ पेट यांसारखे नाद वाढविणारे अंग तिच्यात बहुधा नसते. विजेची जोड काढून घेतली, तर शेजारच्या खोलीतही तिचा आवाज नीटसा पोहोचत नाही. तारांच्या खाली बोटभर लांबीची जी एक, दोन किंवा तीन चपटी पेटकुळी बसविलेली असतात, त्यांच्यावर तिचा सारा बोलका संसार चालतो. या पेटकुळ्यास पिकअप म्हणतात. ग्रामोफोनची सुई विजेच्या जमान्यात ज्या भागात बसवू लागले, त्यालाही हेच नाव होते. दोघांचे कामही एकाच जातीचे: हालचाल उचलावयाची आणि तिचे विजेत रूपांतर करून पुढे धाडावयाचे.

आज बाजारात पिकअपचे शेकडो प्रकार मिळतात. आपल्या वाद्याचा नाद रुचेनासा झाला, की वादकाचा पहिला संशय पिकअपवर जातो. चांगल्या जोडीला पडणारी किंमत पुष्कळदा एका साध्या, शिकाऊ गिटारीच्या किमतीइतकी असते. ज्या घरात गिटार शिकणारे मूल आहे, तेथील वडीलधाऱ्यांपुढे ही मागणी केव्हा ना केव्हा येतेच. पैसे खर्चून, जुने काढून नवे बसविल्यावरही नाद होता तसाच राहिला, अशी तक्रार काही थोड्याथोडक्यांची नसते. याचे कारण असे, की नाद घडविण्यात पिकअपचा वाटा मोठा असला, तरी तो एकट्याचा नसतो. आणि खरेदी करताना बहुतेकजण ज्या आकड्याकडे पाहतात, तो आकडा नादाविषयी फारच थोडे सांगतो.

पिकअपच्या अंतरंगात गूढ असे काही नाही. चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. वरची पोलादी तार त्या चुंबकाच्या प्रभावाने स्वतःही किंचित् चुंबकीय बनते. ती थरथरू लागली, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते, व त्यायोगे वेटोळ्यात विजेचा क्षीण दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे याने 1831 साली जे तत्त्व दाखवून दिले, तेच हे. यावरून एक गोष्ट उघड होते. नायलॉनच्या किंवा तातीच्या तारांवर असा पिकअप मुकाच राहणार. तसेच वादक माईकसमोर गायला, तर पिकअपला ते ऐकू येत नाही. त्याला हवेतला नाद कळत नाही, तारेची हालचाल तेवढी कळते. (वेटोळे सैल असल्यास ते स्वतःच थरथरते आणि मोठ्या आवाजात शीळ घालू लागते, हा अपवाद. म्हणून वेटोळी मेणात बुडवून घट्ट करण्याची चाल आहे.)

या कल्पनेला व्यवहारात यश आले ते अमेरिकेत, 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत; आणि तेही आजच्यासारखी उभी धरावयाची गिटार नव्हे, तर मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवर फिरवीत वाजवावयाच्या हवाईयन गिटारीच्या बाबतीत. हिंदी चित्रपटसंगीतामुळे त्या वाद्याचा घसरता, मींडयुक्त नाद मुंबईच्या कानांनाही पुढे चांगलाच परिचयाचा झाला. जॉर्ज बीचम हा स्वतः हवाईयन गिटार वाजवी. वाद्यवृंदात आपली गिटार बुडून जाते, हे त्याचे दुःख होते. ॲडॉल्फ रिकेनबॅकर याच्या साह्याने त्याने ॲल्युमिनियमची एक लहानशी, वाटोळ्या अंगाची गिटार ओतून घेतली व तिच्या तारांवरून वाकलेले नालाच्या आकाराचे दोन चुंबक बसविले. तिच्या रूपावरून लोकांनी तिला ‘तवा’ हे नाव ठेवले. 1932 पासून ती विकली जाऊ लागली. एकस्वाचा अर्ज 1934 चा, आणि एकस्व प्रत्यक्ष हाती पडले 1937 साली. तोवर इतरांनीही हाच मार्ग धरला होता. गिब्सन कंपनीने 1936 साली काढलेली ईएस-150 ही गिटार घेऊन चार्ली ख्रिश्चन 1939 मध्ये बेनी गुडमनच्या जॅझ-वृंदात दाखल झाला, आणि तोपर्यंत मागे बसून ताल धरणारे हे वाद्य सनई किंवा सॅक्सोफोनप्रमाणे एकल आलापी करू लागले. तो 1942 साली, पंचविशीतच वारला. परंतु त्याच्या गिटारीतला लांब पट्टीचा पिकअप अद्यापि त्याच्याच नावाने ओळखला जातो.

आता नादाचा प्रश्न. सतार किंवा तंबोरा ज्याने हाताळला आहे, त्याला हे ठाऊक असते, की तार घोडीजवळ छेडली तर नाद तीक्ष्ण व कोरडा येतो, आणि मध्याकडे सरकत गेले तर तो गोल व भरदार होत जातो. कारण तार एकाच वेळी अनेक प्रकारांनी थरथरत असते. मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सहायक नादही तिच्यात असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो, तो असाच पाचपट कंपनांचा सहायक नाद होय. घोडीजवळ मूळ स्वराची हालचाल अगदी लहान असते, म्हणून तेथे सहायक नादांचे प्राबल्य दिसते. पिकअप जेथे बसविला असेल, तेथली हालचाल तो उचलतो. म्हणून घोडीजवळचा पिकअप तिखट बोलतो आणि मानेजवळचा मऊ. स्ट्रॅटोकास्टर नावाच्या प्रसिद्ध गिटारीत मानेकडील पिकअप घोडीपासून तारेच्या लांबीच्या जवळजवळ एकचतुर्थांश अंतरावर आहे. मोकळ्या तारेतील चौपट कंपनांचा सहायक नाद नेमका त्या बिंदूवर स्थिर असतो, तेव्हा तो या पिकअपला ऐकूच येत नाही. मात्र यावरून त्या जागेचे जे माहात्म्य पुष्कळ ठिकाणी वर्णिलेले आढळते, ते अतिशयोक्त आहे. कारण तार कोणत्याही पडद्यावर दाबली, की तिची लांबी बदलते आणि तो स्थिर बिंदूही तेथून सरकतो.

सांगावयाचे तात्पर्य इतकेच, की एकाच बनावटीचे दोन पिकअप दोन जागी बसविले तर त्यांच्या नादांत जो भेद पडतो, तो एकाच जागी दोन बनावटींचे पिकअप आलटून पालटून बसविल्याने पडणाऱ्या भेदाहून बहुधा अधिक असतो. ज्याला नाद मऊ हवा आहे, त्याने आपल्या गिटारीवरील निवडखटका मानेकडे फिरवून पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत.

बनावटीच्या दृष्टीने पिकअपची दोन मोठी घराणी आहेत. पहिले एकेरी वेटोळ्याचे, ज्याला सिंगल कॉइल म्हणतात. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर याने 1950 नंतर टेलिकास्टर आणि 1954 साली स्ट्रॅटोकास्टर या गिटारींत ते बसविले. हा गृहस्थ शिक्षणाने हिशेबनीस. त्याला गिटार वाजविता येत नसे. एकेरी पिकअपचा नाद स्वच्छ, ठिणगीसारखा, आणि अक्षर न् अक्षर वेगळे ऐकू येणारा. परंतु त्यात एक खोड असते. वेटोळे म्हणजे एक प्रकारची एरियलच. घरातील विजेच्या तारांतून जी आवर्तने वाहतात, अमेरिकेत सेकंदास 60 व भारतात 50, त्यांची गुणगुण तेही उचलते. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिवे मंद करणारे बटण जवळ असले, तर गुणगुणीची भुणभुण होते. शहरी घरात, जेथे भिंतीभिंतींतून तारा गेलेल्या असतात, तेथे हा त्रास विशेष जाणवतो. गिटार हातात धरून वादकाने जागच्या जागी वळून पाहिले, तर एखाद्या दिशेस ती गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. फुकटचा उपाय हाच.

दुसरे घराणे या त्रासातूनच जन्मास आले. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली, एक दुसऱ्याच्या उलट जोडले आणि दोहोंतील चुंबकाची टोकेही परस्परविरुद्ध केली. बाहेरून येणारी गुणगुण चुंबकाला जुमानत नाही. ती दोन्ही वेटोळ्यांत समान उत्पन्न होते, व उलट जोडणीमुळे एकीची दुसरीशी वजाबाकी होते. तारेचा नाद मात्र चुंबकाच्या द्वारे येतो. त्याचे दोनदा उलटणे म्हणजे सुलटणेच, म्हणून त्याची बेरीज होते. ‘गुणगुण मोडणारा’ अशा अर्थाचे हंबकर हे नाव त्याला पडले. एकस्वाचा अर्ज 1955 चा आणि मंजुरी 1959 ची. मधल्या काळात, 1957 पासून, ‘एकस्वाचा अर्ज केला आहे’ अशा शब्दांची चिठ्ठी तळाशी चिकटविलेले जे पिकअप विकले गेले, त्यांना आज रत्नांची किंमत आली आहे. गंमत अशी, की पुढे चिठ्ठीवर जो एकस्वाचा क्रमांक छापला गेला, तो या पिकअपचा नव्हेच. तो लेस पॉल याच्या तारा अडकविण्याच्या पट्टीचा होता. असो. हंबकर शेजारशेजारच्या दोन जागांवरील हालचाल एकदम उचलतो, त्यामुळे अतिसूक्ष्म सहायक नाद काही अंशी परस्परांना खातात आणि नाद जाड, गोलसर व जोरकस होतो. ज्यांना तो हवा असतो, त्यांना तोच हवा असतो. ज्यांना एकेरीची ठिणगी हवी, त्यांना हंबकर झाकोळलेला वाटतो.

आता त्या आकड्याविषयी. विक्रेत्यांच्या पत्रकांत प्रत्येक पिकअपच्या नावापुढे वेटोळ्याचा रोध दिलेला असतो: एकेरीचा सुमारे 6,000 ओहम, जुन्या धर्तीच्या हंबकरचा 7,500 ते 8,000. 1972 साली डिमार्झिओ याने जुन्याच्या जागी बसविण्यासाठी म्हणून जो जोरकस हंबकर विकावयास काढला, त्याचा 13,000 च्या वर. यावरून खरेदीदार असा समज करून घेतो, की आकडा मोठा तेवढा पिकअप बलवान. वस्तुतः रोध ही तारेच्या लांबीची आणि जाडीची खूण आहे. एका साध्या एकेरी पिकअपमध्ये 0.063 मिलिमीटर जाडीची तार एक किलोमीटरहूनही अधिक लांब गुंडाळलेली असते. तितकीच लांब तार जरा बारीक, 0.056 मिलिमीटरची घेतली, तर रोध चौथ्या हिश्श्याहून अधिक वाढतो. वेढे मात्र तितकेच, म्हणून जोर वाढत नाही. इतकेच नव्हे, तर तांब्याचा रोध उष्णतेने वाढत असल्याने, थंडीच्या सकाळी 20 अंशांवर 6,000 ओहम भरलेला पिकअप वैशाखाच्या दुपारी 40 अंशांवर 6,470 च्या घरात भरेल. दुपारच्या उन्हाने पिकअप बलवान झाला, असे कोणी म्हणणार नाही! एकाच कारखान्याच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपांची तुलना करण्यापुरता तो आकडा उपयोगी. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

नादाचे मर्म दुसऱ्या दोन राशींत आहे, आणि विक्रेते त्या क्वचितच छापतात. वेटोळ्याच्या अंगी विजेच्या बदलास विरोध करण्याचा गुण असतो, तो इंडक्टन्स. हेन्री हे त्याचे माप. गिटारीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलीच्या अंगी थोडा विजेचा साठा करण्याचा गुण असतो, तो कपॅसिटन्स. या दोहोंच्या संगनमताने एक अनुनाद उत्पन्न होतो. एका विशिष्ट उंचीवरचे नाद वर उचलले जातात आणि त्याच्या पलीकडचे झपाट्याने गळून पडतात. जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा घासून तंबोऱ्याच्या नादातील झळाळी जशी एका ठिकाणी आणतो, तसाच येथे विजेच्या मार्गाने प्रकार घडतो. एकेरी पिकअपचा इंडक्टन्स 2.5 हेन्री आणि तीन मीटर केबलीचा व वेटोळ्याचा मिळून कपॅसिटन्स 450 पिकोफॅरड धरला, तर तो उंचवटा सेकंदास सुमारे 4,700 कंपनांवर येतो. केबल तीनाऐवजी सहा मीटरांची घेतली, की तो 3,600 च्या खाली उतरतो. आता 4.5 हेन्रीचा हंबकर मूळच्या तीन मीटर केबलीवर लावून हिशेब केला, तर उत्तर जवळजवळ तेच, सुमारे 3,500 येते! मनुष्याचा कान 2,000 ते 5,000 कंपनांच्या पट्ट्यातच सर्वांत तल्लख असल्याने हा भेद सामान्य श्रोत्यालाही कळतो. लांब केबल लावली म्हणजे एकेरीचा हंबकर होतो, असे नव्हे. दोन जागांवरून उचलण्याचा हंबकरचा गुण केबलीने येत नाही. परंतु ज्याचा एकेरी पिकअप फार कर्कश वाटतो त्याने लांब केबल, आणि ज्याचा हंबकर झाकोळलेला वाटतो त्याने आखूड केबल एकवार लावून पाहिल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.

गिटारीवरील बटणांचाही यात हात असतो. एकेरीबरोबर बहुधा अडीच लाख आणि हंबकरबरोबर पाच लाख ओहमची बटणे लावतात. आकडा लहान तसा तो उंचवटा बसका होतो. टोनचे बटण तर पुष्कळ वादक दहावर नेऊन विसरून जातात. ते उतरवीत गेले, की कंडेन्सर हळूहळू कामास लागतो, 0.022 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असल्यास शेवटी तोच उंचवटा 700 कंपनांच्या आसपास येऊन बसतो. मधल्या मार्गावर जितके नाद आहेत, तितके कोणत्याही एका नव्या पिकअपमध्ये मिळणार नाहीत.

सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे स्क्रू पिळण्याचे पेचकस. पिकअपच्या दोन्ही अंगांस स्क्रू असतात व त्यांनी तो तारेच्या जवळ-दूर करता येतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरून, तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या माथ्यापर्यंत दीड ते अडीच मिलिमीटर अंतर असावे, खर्जाच्या बाजूस अधिक. जवळ आणल्याने आवाज वाढतो; परंतु एकेरी पिकअपचे चुंबक तारेच्या फार निकट गेले, तर ते तारेला ओढू लागतात. मग वरच्या पडद्यांवर तार कितीही मिळविली, तरी बेसूर थरथर ऐकू येते आणि नाद अकाली विझतो. वाद्य मिळविणारा तारेला दोष देतो, दुकानदार पडद्यांना. आणि खरा अपराधी पाव मिलिमीटर असतो. अर्ध्या फेऱ्याने स्क्रू सैल करावा, वाजवून ऐकावे, पुन्हा अर्धा फेरा. घाई करू नये.

हे सारे करूनही समाधान होत नसेल, तेव्हा नवा पिकअप घेण्यास हरकत नाही. निवड करताना आपल्याला काय कमी पडते ते साध्या मराठीत एका वाक्यात लिहून पाहावे. ‘गुणगुण नको, बाकी नाद हाच हवा’ असे वाक्य निघाले, तर एकेरीच्याच आकारात दोन वेटोळी एकावर एक रचलेला बिनगुणगुणीचा पिकअप मिळतो. त्याने ठिणगीचा थोडा अंश जातो, तो सोसावा. ‘ॲम्प्लिफायर फुटल्यासारखा जळजळीत नाद हवा’ असे असेल, तर जास्त वेढ्यांचा, सिरॅमिक चुंबकाचा हंबकर घोडीकडे लावावा. ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या अल्निको नावाच्या मिश्रधातूचा चुंबक मृदू आणि सिरॅमिकचा कठोर, असे जे म्हणतात, त्यात तथ्य थोडे आहे. परंतु दोन्ही चुंबक निरनिराळ्या वेढ्यांच्या वेटोळ्यांत घालून केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. ‘जॅझसाठी गोल, शांत नाद’ हवा असल्यास मानेकडील मोजक्या वेढ्यांचा हंबकर उत्तम. आणि वाक्य ‘नाद मेल्यासारखा वाटतो’ असे निघाले, तर प्रथम तारा बदलाव्या. गंजल्या तारांत सहायक नाद उरतच नाहीत, मग पिकअप ते उचलणार कोठून? गिटारीच्या ॲम्प्लिफायरमधील बारा इंची लाउडस्पीकर 5,000 कंपनांच्या वर फारसे काही ऐकवीत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. त्याहून वरच्या झळाळीसाठी केलेला खर्च वाया जातो.

दोन कारखान्यांचे पिकअप एका गिटारीवर बसवावयाचे असतील, तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. दोघांची वेटोळी किंवा चुंबक परस्परांच्या उलट असले, तर एकेकटे उत्तम बोलतात. पण खटका मध्ये ठेवून दोन्ही एकदम वाजविले, की मूळ स्वर एकमेकांस खातो आणि नाद नाकातून आल्यासारखा, बारीक होतो. पिकअप बिघडलेला नसतो. चुंबकाची बाजू होकायंत्राने आणि वेटोळ्याची दिशा मल्टिमीटरने ताडून, एकाच्या दोन तारा उलट डाखल्या की काम होते. मात्र धातूचे आवरण त्यातील एका तारेला जोडलेले असल्यास ती जोडणी आधी वेगळी करावी लागते, नाही तर आवरणाला हात लागताच गुणगुण वाढते.

गिटार जुनी असेल, तर प्रश्न पैशांच्या पलीकडे जातो. 1978 साली एडी व्हॅन हॅलनची पहिली तबकडी निघाली. तिच्यावर त्याने वाजविलेली गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची, पण घोडीशी हंबकर बसविलेली होती. तिच्या नादाने मोहून कितीतरी वादकांनी आपापल्या जुन्या गिटारींचे लाकूड पटाशीने कोरून मोठी भोके पाडली. कोरलेले लाकूड परत येत नाही. एकेरीच्या मूळ खाचेत मावेल असा लहान हंबकर आता मिळतो, तेव्हा पटाशी हाती घेण्याची गरज उरलेली नाही. पिकअप काढताना जुना डाख वितळविण्यापूर्वी कोणती तार कोठे होती याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, तारा मुळाशी न कापता सांध्यातून सोडवाव्या, आणि निघालेला पिकअप स्क्रूंसकट कागदात गुंडाळून, त्यावर तारीख व जागा लिहून, गिटारीच्याच पेटीत ठेवावा. त्या काळचे कारागीर वेढे नेमके मोजून थांबत नसत. म्हणून एकाच वर्षीचे दोन हंबकर सात हजार आणि नऊ हजार ओहम इतके भिन्न भरतात, आणि काढून टाकलेल्या जुन्याच्या जोडीचा दुसरा तंतोतंत मिळण्याचा भरवसा नसतो.